दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं नाही

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात सांगते. दहा-बारा वर्षं त्या कुकरात मीठ तापवून केक करत होत्या आणि तो उत्तम व्हायचा. मागच्या दसऱ्याला हौसेनं १९ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घेतला. तेव्हापासून केक वरून करपतो, मधे फुगून फाटतो आणि सुरी घातली की आत चिकट निघतो. नानकटाई पसरून पोळीसारखी होते, तळाशी काळी पडते. कृती व्हिडिओतली असते, १८० अंश आणि ३५ मिनिटं हे अगदी तंतोतंत पाळलेलं असतं, ओव्हन तापला असं सांगणारा त्याच्यावरचा दिवा विझल्यावर लगेच भांडं आत जातं. संध्याकाळी स्वयंपाक आटोपून करायला घेतलं तर आणखीच बिघडतं. सासूबाई म्हणतात, "कुकरातलाच बरा होता." यजमान म्हणतात, विकून टाक नाहीतर मोठा, महागाचा घे. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला एक किलोचा केक करून देण्याचा शब्द त्या देऊन बसल्या आहेत. त्यांचा प्रश्न असा: "ओव्हन खराब आहे, की माझा हातच बेकिंगचा नाही?"

ताई,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात तुम्ही दोनच आरोपी उभे केलेत, ओव्हन आणि तुमचा हात. तिसऱ्यावर तुमचा संशयच गेलेला नाही. तो तिसरा म्हणजे बटणावरचा १८० हा आकडा. त्याच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथंच आहे.

हाताचं आधी बोलू. कुकरात बारा वर्षं चांगला केक करणाऱ्या बाईचा हात बेकिंगचा नाही, हे मला पटत नाही. कुकराला ना आकडा, ना दिवा. गॅस किती बारीक ठेवायचा, मीठ किती वेळ तापू द्यायचं, वास कधी सुटतो, हे सगळं तुम्ही तुमचं तुम्ही शिकलात. ओव्हन आला आणि तुम्ही ते ज्ञान बाजूला ठेवून आकड्याच्या स्वाधीन झालात. यंत्र आहे म्हणजे त्याला कळत असणार, असं आपल्याला सहज वाटतं. पण घरगुती ओटीजीला फार थोडं कळतं. त्याच्या आत थर्मोस्टॅट नावाचा एक साधा चालू-बंद करणारा भाग असतो. हवा ठरावीक गरम झाली की तो आतल्या विजेवर तापणाऱ्या कांड्या बंद करतो, थंड झाली की पुन्हा चालू करतो. त्यामुळे आतलं तापमान १८० वर स्थिर कधीच नसतं. ते सतत वरखाली होत राहतं, आणि त्याची सरासरीसुद्धा १८० असेलच असं नाही. बटणावर १८० आणि आत १६० किंवा २१०, असे ओव्हन घरोघरी आहेत. याला बिघाड म्हणता येणार नाही, घरगुती ओव्हनचा तो स्वभावच आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. तुम्हाला ते टोचलं, हे पत्रावरून दिसतं. पण त्या वाक्यात तुमच्या अडचणीचं अर्धं उत्तर आहे, म्हणून ते नीट ऐकू या. कुकरातला केक चांगला का व्हायचा? खालचं मीठ आणि कुकराचं जाड बूड उष्णता धरून ठेवायचं आणि सावकाश सोडायचं. वरून लालबुंद काही नव्हतं. झाकणामुळे वाफ आतच राहायची, म्हणून वरची बाजू लवकर वाळत नव्हती. आच मंद, साठवलेली आणि खालून, अशी ती रीत. तुमचा ओटीजी याच्या बरोबर उलट आहे. पातळ पत्र्याची पेटी, आत नुसती हवा, आणि केकच्या डोक्यावर चार बोटांवर लाल झालेली कांडी.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरोघरचे लोक रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर जायचे आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणायचे. मीही आईबरोबर जायची. रांगेत नंबर लागेपर्यंत भट्टीच्या दारातून आत बघत बसायचं. विटांची ती घुमटी आत लाकडं जाळून आधी तापवलेली असायची, आणि मग निखारे बाजूला सारून भाजायचं काम चालायचं. म्हणजे भाजायच्या वेळी जाळ नसायचाच, भाजायच्या त्या तापलेल्या विटा. भट्टी कडक असताना पाव, जरा निवली की बिस्किटं-नानकटाई, आणि अगदी शेवटी उरलेल्या उबेवर टोस्ट वाळत घालायचे. दार कितीही वेळा उघडलं तरी विटांमधली उष्णता कुठं जात नाही. आपल्या पेटीचं तसं नाही. दार उघडलं की गरम हवा बाहेर, की लगेच कांड्या पेटल्या.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती जरा उलटी वाटेल. तुमचा केक वरून करपतो, याचं कारण ओव्हन जास्त तापतो हे नसावं. तो पुरेसा आधी तापलेला नसतो, हे असावं. दिवा विझतो तेव्हा फक्त थर्मोस्टॅटजवळची हवा गरम झालेली असते. पत्रा, जाळी, दाराची काच, सगळं अजून गारच असतं. त्याच क्षणी तुम्ही दार उघडता, गार भांडं आत ठेवता, हवा निघून जाते, आणि कांड्या पुन्हा लाल होतात आणि बराच वेळ लालच राहतात. लाल कांडीची धग थेट केकच्या वरच्या थरावर पडते. वरचा थर आवळला जातो, आतलं मिश्रण मागाहून फुगतं, त्याला वाट हवी असते म्हणून ते मधोमध फोडून वर येतं. हाच तुमचा फाटलेला, वरून काळा, आतून चिकट केक. दिवा विझल्यावर आणखी १०-१५ मिनिटं ओव्हन रिकामाच चालू ठेवलात, तर पत्रासुद्धा तापतो. मग कांड्या अधूनमधून, थोडाच वेळ पेटतात, आणि भाजायचं काम चारही बाजूंनी होतं.

संध्याकाळी जास्त बिघडतं, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. गावाकडे सातनंतर सगळीकडचे दिवे, पंखे, मोटारी चालू होतात आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो. कांडीची उष्णता दाबाच्या वर्गावर, म्हणजे दाब गुणिले दाब यावर, ठरते. म्हणजे २३० व्होल्टचे १९० झाले तर दाब साधारण १७ टक्क्यांनी उतरला, पण कांडीची ताकद जवळजवळ एक तृतीयांशानं गेली. १४०० वॉटचा ओव्हन साडेनऊशेच्या आसपास चालतो. मग तापायला वेळ लागतो, कांड्या अधिक काळ पेटलेल्या राहतात, आणि ३५ मिनिटं संपतात तेव्हा आत निम्मंच काम झालेलं असतं. दुपारी अकरा ते चारमध्ये करून बघा. ओव्हनची पिन जाड, १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच असू दे. लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नका. तिथंही दाब पडतो, आणि बोर्ड वितळण्याची भीती वेगळीच.

मग करायचं काय? विकायचा, बदलायचा, की कुकराकडे परत जायचं? यातलं काहीही ठरवण्याआधी दोन दुपारी फक्त ओव्हनला द्या. त्या दिवशी केक करायचा नाही.

पहिल्या दुपारी ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर वापरा. काही शे रुपयांत मिळतो. माझ्या मते बेकिंगच्या सामानात सगळ्यात आधी घ्यायची ही वस्तू, रंगीत स्पॅच्युला आणि नोझल नंतर. मधल्या जाळीला तो टांगा, बटण १८० वर ठेवा, २० मिनिटं थांबा. मग दर पाच मिनिटांनी काचेतूनच वाचून तासाभराचे आकडे वहीत लिहा. वरचे-खालचे मिळून जी सरासरी येईल, ते तुमच्या ओव्हनचं खरं १८०. समजा ते २०० आलं, तर पुढे बटण १६० च्या आसपास ठेवून पुन्हा तपासायचं. ओव्हन आहे तसाच राहू दे, आकडा आपण बदलून घ्यायचा. थर्मामीटर लगेच मिळत नसेल तर साखरेवर अंदाज घेता येतो. साखर १८६ अंशांच्या सुमाराला वितळते. वाटीभर नको, एक चमचा फॉइलवर पसरून १७५ ला १५ मिनिटं ठेवा. वितळली, तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. नंतर १९० ला ठेवा. पांढरीच राहिली, तर तो थंड आहे.

दुसऱ्या दुपारी साध्या पावाच्या चार-सहा स्लाइस जाळीभर पसरून ठेवा आणि रंग येईपर्यंत भाजा. बाहेर काढताना त्यांची जागा बदलू देऊ नका. कुठली आधी काळी पडली, कुठली पांढरी राहिली, हा तुमच्या ओव्हनचा नकाशा. बहुतेक ओव्हनमध्ये मागची बाजू कडक असते आणि दाराजवळची नरम. केक दोन तृतीयांश झाला की भांडं अर्धं फिरवायचं ते याचसाठी. त्याआधी दार उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. अर्धवट सेट झालेला केक त्या गार झुळकीनं खचतो.

जाळी कुठल्या खोबणीत लावता, हे तुम्ही लिहिलं नाही. १९ लिटरमध्ये केक खालच्या खोबणीत ठेवायचा, म्हणजे केकची वरची बाजू पेटीच्या मध्यावर येते. खालची आणि वरची अशा दोन्ही कांड्या चालू ठेवल्या तरी वरचा रंग लवकर आला की वर फॉइल सैल पांघरायची. ती कांडीला चिकटता कामा नये. तळाला मात्र फॉइल कधी अंथरू नका, उष्णता कोंडून ओव्हनच बिघडतो. वरची कांडी वैरी नव्हे, हेही सांगायला हवं. गोव्यात बेबिंका हा थराथरांचा गोड पदार्थ करतात तेव्हा एकेक थर ओतून वरच्याच आचेवर भाजतात. पूर्वी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून करायचे. तिथं वरची धगच हवी असते, एकेका थराला खमंग तपकिरी रंग येतो तो त्या धगीनंच. फुगणाऱ्या केकला मात्र वरून दबाव नको असतो.

आता भांड्याकडे आणि मापाकडे येते, कारण ओव्हन नीट वाचला तरी इथं घसरायला होतं. व्हिडिओतली कृती आठ इंची टिनाची असते आणि घरात सहा इंची, अर्ध्या किलोचा टिन असतो, असं फार वेळा होतं. दोन इंचांचाच तर फरक, असं वाटतं. प्रत्यक्षात आठ इंची टिनाचा तळ सहा इंचीच्या पावणेदोन पटीहून जास्त मोठा असतो. तेवढं मिश्रण लहान टिनात घातलं की थर जाड होतो, आणि मधपर्यंत आच पोचायच्या आत कडा करपतात. टिन अर्ध्याहून थोडा वर भरा, दोन तृतीयांशाच्या पुढे नको. काळ्या नॉनस्टिक टिनात कडा आणि तळ लवकर रंगतात, साध्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियममध्ये सावकाश. काळाच असेल तर तापमान १० अंश कमी धरा. तळाला आणि कडेला बटर पेपर लावा.

कपाचं म्हणाल तर, व्हिडिओतल्या कृतीतला कप २४० मिलिलिटरचा. आपण घरातला चहाचा कप घेतो, तो बराच लहान. "सगळंच त्याच कपानं मोजलं, मग काय बिघडलं?" असं मला खूप जणी विचारतात. बिघडतं असं की मैदा, साखर, दूध कपानं कमी होतं, पण अंडी नगावर मोजतात आणि सोडा चमच्यानं. ते तेवढेच राहतात. मग सोडा जास्त होतो, केक भराभर फुगतो आणि बसतो. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा घ्या, हा प्रश्न कायमचा मिटेल. दही-सोड्याच्या केकचं मिश्रण तयार झालं की थांबायचं नाही. सोडा दह्याला लागला की बुडबुडे सुटायला लागतात, ते ओट्यावर वाया जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून आधी ओव्हन पूर्ण तापवायचा, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं.

किती मिनिटं, हा प्रश्न मनातून काढून टाका असं मी म्हणणार नाही, पण मिनिटं ही फक्त उठून बघायची वेळ. केक झाल्याची खूण वेगळी असते. घरभर वास सुटतो, कडा टिनापासून किंचित सुटतात, मधे बोटानं हलकं दाबलं की खळगा परत भरून येतो, काडी मध्यात घातली की कोरडी किंवा एखाद-दुसरा ओलसर कण लागून निघते. ही तुमच्या कुकरातल्या केकचीच परीक्षा आहे, तुम्हाला ती येते.

एक विनंती. पुढचे तीन-चार रविवार एकच साधा केक करा, तोच टिन, तीच कृती. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: बटण कितीवर, आधी किती वेळ तापवला, कुठली खोबणी, किती मिनिटांत वास आला. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कशानं सुधारलं ते कळत नाही. आमच्या पिढीत गोल अ‍ॅल्युमिनियमचा, वर काच असलेला विजेचा ओव्हन होता. त्याला धड आकडासुद्धा नसायचा. तरी बायका त्यात सुरेख केक करायच्या, कारण वर्षानुवर्षं तोच ओव्हन, तेच भांडं आणि तीच कृती.

यजमानांच्या सूचनेचं उत्तरही देते. नवा ओव्हन कधी घ्यावा? थर्मामीटर लावल्यावर तापमान कुठंच ठरत नसेल, सारखं चढतच जात असेल, तर थर्मोस्टॅट गेला आहे. आधी दुरुस्तीचं विचारा, तो भाग बदलता येतो. एका वेळी दोन टिन लावायचे असतील, ऑर्डरी घ्यायच्या असतील, तर २८-३० लिटरचा, आत पंखा असलेला ओटीजी उपयोगी पडेल. त्यात कांड्या केकपासून लांब असतात. पंखा चालू असताना कृतीतलं तापमान १५-२० अंशांनी कमी करायचं, हे मात्र लक्षात ठेवा. साध्या मायक्रोवेव्हला आपल्याकडे ओव्हनच म्हणतात, पण त्यात भाजलं जात नाही. कन्व्हेक्शन लिहिलेलं असेल तरच भाजता येतं. पण सध्याचा ओव्हन समजून न घेता मोठा आणलात, तर हेच पत्र तुम्ही मला पुढच्या दसऱ्याला पुन्हा लिहाल, अशी मला काळजी वाटते. आणि कुकर ठेवून द्यायची गरज नाही. वीज नसेल त्या दिवशी, घरच्या चौघांपुरता केक करायचा असेल तेव्हा, खुशाल त्यात करा. जुना कुकर त्यासाठी वेगळा ठेवा, शिट्टी आणि रबर काढून. रोजच्या वरण-भाताचा कुकर कोरडा तापवत राहिलं तर खराब होतो. सासूबाईंना आवडतो तो केक त्यांच्यासाठी करणं यात ओव्हनची हार नाही. उलट तुमच्या चाचणीच्या केकची चव बघायला त्यांनाच बसवा. बारा वर्षं तुमचा केक खाल्लेलं माणूस घरात आहे, त्यांच्याइतकी नेमकी फरक सांगणारी जीभ तुम्हाला कुठं मिळणार?

राहिली शेजारच्या मुलीची गोष्ट. एक किलोचा केक एकाच मोठ्या टिनात करायचा घाट घालू नका. १९ लिटरच्या पेटीत टिनाच्या चारी बाजूंनी निदान दोन बोटं हवा खेळायला हवी, आठ इंची टिनाला ती पुरेशी मिळेलच असं नाही. सहा इंचाचे दोन केक एकापाठोपाठ करा. दोन्ही मिळून आठ इंची केकपेक्षा थोडं जास्तच मिश्रण मावतं, आणि एकावर एक रचले की उंच, देखणा केक होतो. दुसऱ्याचं मिश्रण पहिला बाहेर आल्यावरच कालवा. दोन्ही आदल्या दिवशी दुपारी भाजून ठेवा, पूर्ण निवले की गुंडाळून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी सजवा. गार केक कापायलाही सोपा जातो. पत्रात तुम्ही वाढदिवसाला पाच आठवडे आहेत असं म्हटलंय. ते चार रविवार त्यात बसतात. चौथ्या रविवारीही मनासारखा झाला नाही, तर त्या मुलीच्या आईला त्याच दिवशी सांगा, म्हणजे तिच्या हाती आठवडा राहील. कुकरात दोन लहान केक करून देण्याचा पर्यायही तुमच्याजवळ आहेच.

आणि नानकटाई. पसरते याचा अर्थ तूप फार पातळ आहे किंवा ओव्हन गार आहे, बहुधा दोन्ही. तूप थिजलेलं, रवाळ घ्या, साखरेबरोबर पांढरं हलकं होईपर्यंत फेटा. गोळे वळून ताटासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि खरे १६० अंश झालेल्या ओव्हनमध्ये मधल्या खोबणीत लावा. तळ काळा पडतो, तर एका ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा, मधल्या हवेनं आच मवाळ होते. वरून पांढुरकी, कडेला जेमतेम बदामी रंग आला की काढायची. तेव्हा ती हाताला मऊच लागेल आणि कच्ची राहिली असं वाटून पुन्हा आत ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, निवता निवता ती खुसखुशीत होते.